सात पुस्तकं वाचली, तरी रात्री तेच

पानापानांतून : वाचकांचे प्रश्न, ग्रंथपालाची उत्तरं

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची निघाली. विचार थांबत नाहीत, पुस्तकं आणली, वाचली, तरी थांबत नाहीत. मी मानसतज्ज्ञ नाही. तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसणारी ग्रंथपाल आहे. पण कोणतं पुस्तक कुणाच्या घरी जातं, कसं परत येतं आणि कुणाच्या उपयोगी पडतं, हे माझ्या डोळ्यांसमोर घडतं. त्यातून जे कळलं ते सांगते. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण ते पुष्कळांचं आहे.

प्रश्न : ताई, मी कराडजवळच्या एका पतसंस्थेत रोखपाल आहे. वय ३६. दिवसभर काउंटरवर माझ्याइतकं चोख काम कुणाचं नाही, असं सगळे म्हणतात. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू होतं. पाचशेचं बंडल नीट मोजलं ना? त्या आजोबांशी मी तुसडेपणानं बोलले का? साहेब जाताना ‘उद्या बोलू’ म्हणाले, म्हणजे काय बोलायचंय? मुलीचा खोकला अजून गेलेला नाही. एकातून दुसरं निघतं आणि एक वाजतो. मिस्टर चाकणला असतात, शनिवार-रविवार येतात. त्यांना सांगितलं तर ‘तू फार विचार करतेस’ एवढंच. मी सेल्फ-हेल्पची सात पुस्तकं विकत घेतली. वाचताना फार बरं वाटतं, खुणा करते, वाक्यं स्टेटसला ठेवते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुस्तकांचा खरंच उपयोग होतो का, की माझ्यातच काही खोट आहे?

उत्तर : ताई, तुमच्यात खोट नाही. आणि पुस्तकंही खोटी नाहीत, निदान सातातली दोन-तीन तरी. एक काम करा. सातही पुस्तकं समोर घ्या आणि त्यांत तुमच्या हस्ताक्षरात काय लिहिलंय ते बघा. खुणा धरू नका, फक्त लिहिलेलं बघा.

हे सांगायला कारण आहे. या विषयावरची पुस्तकं वाचनालयात परत येतात तेव्हा मी ती चाळते. सुरुवातीच्या तीसेक पानांवर पेन्सिलीच्या रेघाच रेघा असतात. पुढे त्या विरळ होतात. आणि जिथे लेखकानं प्रश्न विचारून खाली चार ओळी कोऱ्या सोडलेल्या असतात, ‘तुमचं उत्तर इथे लिहा’ म्हणून, ते पान करकरीत कोरं असतं. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हे खरं, पण मग वहीत तरी लिहिलं का, असं मी विचारते, तेव्हा बहुतेक जण नुसते हसतात. या पुस्तकांचं औषध त्या कोऱ्या ओळींत असतं. बाकीची पानं तुम्हाला तिथवर आणून सोडण्यासाठी असतात. वाचताना बरं वाटतं, कारण तेवढा वेळ मन दुसऱ्याच्या गोष्टीत रमतं. पुस्तक मिटलं की ते आपल्या जुन्या वाटेला लागतं. पुस्तकामागून पुस्तक वाचणं हा तर कित्येकांच्या बाबतीत विचार करत राहण्याचाच एक नवा प्रकार होऊन बसतो, आणि तुमच्या पत्रात मला त्याची चाहूल लागली म्हणून इतकं स्पष्ट लिहिते आहे.

डेल कार्नेगी न्यूयॉर्कमध्ये प्रौढांचे भाषणकलेचे वर्ग घेत. आपल्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त काय छळत असेल तर ती काळजी, हे त्यांच्या लक्षात आलं. पुस्तक शोधायला ते शहराच्या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयात गेले, तर काळजी या विषयाखाली २२ पुस्तकं आणि किडे-अळ्यांवर १८९! मग त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं आणि १९४८ साली त्यांचं ‘हाऊ टू स्टॉप वरीइंग अँड स्टार्ट लिव्हिंग’ हे पुस्तक आलं. आमच्याकडे त्याचं मराठी भाषांतर सतत बाहेर असतं. त्यात त्यांनी हे पुस्तक कसं वाचावं याच्या नऊ सूचना आधीच देऊन ठेवल्या आहेत. प्रत्येक प्रकरण दोनदा वाचा, मध्ये थांबून ‘हे मी माझ्या बाबतीत कुठे वापरू’ असं स्वतःला विचारा, दर महिन्याला पुन्हा उघडा. बहुतेक वाचक नेमकी हीच पानं ओलांडून पुढे जातात.

त्याच पुस्तकात विलिस कॅरियर यांची रीत आहे. १९०२ साली आधुनिक वातानुकूलनाचं यंत्र उभं केलं तेच हे इंजिनिअर. तरुणपणी त्यांनी बसवलेलं एक यंत्र नीट चालेना, कंपनीचं वीस हजार डॉलरचं नुकसान दिसू लागलं आणि त्यांची झोप उडाली. तेव्हा त्यांनी तीन गोष्टी केल्या. वाईटात वाईट काय होईल ते स्पष्ट ठरवलं, ते झालंच तर सोसायचं अशी मनाची तयारी केली, आणि मग शांत डोक्यानं त्यातून काय वाचवता येईल ते बघितलं.

हे तुमच्या बंडलाला लावून बघा. वाईटात वाईट काय? रोकड कमी भरेल आणि ती तुम्हाला पदरची घालावी लागेल. पण ताई, संध्याकाळी रोजकीर्द आणि रोकड जुळली, तुम्ही सही केलीत, तिजोरीला दोघांच्या किल्ल्या लागल्या. बंडलाच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं. रात्री अकरा वाजता मन तोच प्रश्न पुन्हा विचारतं, त्याला माहिती नको असते. त्याला शंभर टक्के हमी हवी असते, आणि ती हमी कुठल्याच रोखपालाला कधी मिळत नाही. म्हणून या प्रश्नाला रात्री उत्तर द्यायचंच नाही. ‘रोकड जुळली आहे’ एवढं एकदा म्हणायचं आणि पुढे वाद घालायचा नाही.

साहेबांच्या ‘उद्या बोलू’चं वेगळं आहे. त्यासाठी अल्बर्ट एलिस यांची पद्धत घ्या. अमेरिकेतल्या या मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांचं ‘स्वभाव-विभाव’ हे मराठी पुस्तक याच पद्धतीवर आहे. एलिस यांचं म्हणणं असं की घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही, मध्ये आपण स्वतःशी बोललेलं एक वाक्य असतं. ते वाक्य पकडायचं. तुमच्या वहीचं पान मी असं लिहिलं असतं :

घटना : साहेब ‘उद्या बोलू’ म्हणाले.
मी स्वतःशी काय म्हणाले : माझ्या कामात काहीतरी सापडलंय. ते सगळ्यांसमोर बोलतील. मला ते सहनच होणार नाही.
परिणाम : पोटात गोळा, झोप नाही, सकाळी साहेबांची नजर टाळली.
उलटतपासणी : सापडलंय याला पुरावा काय? मागे असं म्हणाले होते तेव्हा काय निघालं होतं? (आठवून खरं खरं लिहा.) आणि समजा चूक निघाली, तर सहन होणार नाही म्हणजे नक्की काय होईल?
आता काय म्हणेन : चूक निघू नये असं मला मनापासून वाटतं. निघाली तर वाईट वाटेल, लाजही वाटेल. पण मी ती निस्तरू शकते.
कृती : सकाळी गेल्या गेल्या आपणच केबिनमध्ये जाऊन विचारायचं, ‘साहेब, काल काय बोलायचं होतं?’

‘आता काय म्हणेन’ या ओळीत ‘सगळं छान होईल’ असं मी लिहिलेलं नाही, हे बघा. स्टेटसवरची वाक्यं बहुधा तसली असतात आणि म्हणूनच ती दोन दिवसांत विरतात. तुम्ही हिशेबाच्या माणूस, तुमच्या मनाला न जुळणारी बेरीज पटणार नाही. जे खरं आहे आणि तरीही सोसण्याजोगं आहे, तेच वाक्य रात्री टिकतं.

आणि शेवटची ओळ कृतीची हवीच. एलिस स्वतः एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला इतके घाबरत की तोंडातून शब्द फुटत नसे. त्यांनी ठरवलं की ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली दिसली की तिच्याशी बोलायचंच. महिनाभरात शंभराहून अधिक जणींशी बोलले. मैत्री एकीशीही जमली नाही, पण भीती गेली. नुसत्या वाचनानं ती गेली नसती.

आता मिस्टरांबद्दल. अमेरिकेतल्या अलाबामात फॉरेस्ट स्कोगिन या मानसशास्त्रज्ञानं सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या वयस्कर माणसांना घरी वाचायला पुस्तक देऊन, चार आठवडे मुदत ठेवून अभ्यास केले. वाचणाऱ्यांना खरोखर बरं वाटलं. त्या अभ्यासांतली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वाचणाऱ्याला दर आठवड्याला कुणीतरी थोडक्यात फोन करून वाचन कुठवर आलं ते विचारत असे. तुमच्या घरी हे काम रविवारचं. मिस्टरांना मोघम ‘मला फार विचार येतात’ असं सांगू नका. ‘दर रविवारी चहाच्या वेळी माझ्या वहीतलं एक पान वाचा, सल्ला देऊ नका, नुसतं वाचा’ असं सांगा. नेमकं काय करायचं ते कळलं की बहुतेक नवरे करतात.

सहा पुस्तकं कपाटात ठेवा. एकच बाहेर ठेवा, आणि तीन महिने दुसरं विकत घेऊ नका. मुलीचा खोकला मात्र वहीत लिहायचा विषय नाही, तिला उद्याच डॉक्टरांकडे न्या. ज्या काळजीत आज करण्यासारखं काही आहे तिच्यावर आधी ते करून टाकायचं.

प्रश्न : ताई, मुलगा पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. आम्ही नांदेड जिल्ह्यातल्या गावात. रात्री नऊला त्यानं फोन उचलला नाही की मला घाम फुटतो, मनात नको नको ते येतं. मंडळी म्हणते, मनातून काढून टाका. जेवढं काढायला जातो तेवढं जास्त येतं. मी सातवी शिकलेलो, सोयाबीनची शेती आहे. मोठी पुस्तकं झेपत नाहीत. काही छोटं सांगा.

उत्तर : दादा, तुमचा अनुभव खरा आहे, आणि तो प्रयोगातही दिसलेला आहे. अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं काहीही मनात आणा, फक्त पांढरं अस्वल आणू नका, आणि आलंच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे अस्वलाचा विचार करायला मोकळीक दिली तेव्हा तर आधी दाबून धरणाऱ्यांच्या मनात ते आणखी जास्त आलं. म्हणून वहिनींचा सल्ला मायेचा असला तरी तो बाजूला ठेवू.

त्याऐवजी काळजीला वेळ नेमून द्या. टॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ही रीत मांडली. दिवसातला अर्धा तास, रोज तीच वेळ, तीच जागा. इतर वेळी काळजी आली की तिला हाकलायचं नाही, ‘संध्याकाळी सहाला तुझं बघतो’ म्हणायचं आणि हातातल्या कामाला लागायचं. सहाला बसायचं आणि मनसोक्त काळजी करायची, कागदावर लिहीत. जागा अंथरुणाची नको, वेळ झोपेच्या तोंडाची नको. तुमच्याकडे ओसरी असेल तर तिथे बसा. पहिले काही दिवस वेडेपणा वाटेल, तरी बसा.

कागदावर आधी फोन येईल. त्याचा बंदोबस्त होण्यासारखा आहे. अभ्यासिकेत मुलांचे फोन सायलेंटवर असतात, नऊला तो उचलणार नाहीच. त्याच्याशी ठरवा की जेवून खोलीवर आला की त्यानं ‘जेवलो’ एवढा मेसेज टाकायचा. अमुक वाजेपर्यंत आला नाही तर तुम्ही एकदा फोन करायचा, आणि तोही लागला नाही तर त्याच्या खोलीतल्या मित्राला. क्रम ठरलेला असला की नऊला घाम फुटायचं कारण उरत नाही. त्याआधी फोन लावायचा नाही, हे मात्र तुमच्या बाजूनं पाळा.

पण दादा, मला वाटतं तुमच्या कागदावर चार-आठ दिवसांनी दुसरंच काही उतरेल. पोराचं होणार की नाही, अजून किती वर्षं, सोयाबीनला भाव नाही मग महिन्याचे पैसे कुठून पाठवायचे. रात्रीच्या फोनला जी धडकी भरते तिच्या बुडाशी हे असू शकतं. हे उतरलं तर पुसू नका. दिवाळीला तो घरी येईल तेव्हा शेतात दोघंच बसा आणि सरळ बोला. किती प्रयत्न करायचे, त्यानंतर काय, हे त्याच्याच तोंडून येऊ द्या. बहुधा तोही हेच मनात घेऊन झोपत असेल आणि बाबांना कसं विचारायचं म्हणून गप्प असेल.

प्रश्न : माझ्या सासूबाई म्हणतात, रोज मनाचे श्लोक म्हण, या भाषांतरित पुस्तकांची गरज नाही. त्यांचं बरोबर का?

उत्तर : अर्धं बरोबर. समर्थांचे २०५ श्लोक म्हणजे माणसानं आपल्याच मनाला समोर बसवून समजावणं आहे, आणि मनाशी असं बोलता येतं हे मराठी घरांत पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. पण सगळे श्लोक एका दमात म्हणून टाकले तर माझ्या कोऱ्या ओळींचीच गत होते. रोज एकच घ्या, सासूबाईंनाच अर्थ विचारा, आणि आज दिवसभरात तो कुठे लागू पडला ते संध्याकाळी त्यांना सांगा. वहीची पद्धत त्याच्या जोडीला चालेल. दोन्हींत भांडण नाही.

प्रश्न : मावशी, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खोलीतून निघताना गॅस बंद आहे ना, कडी नीट लागली ना, हे बघते. जिना उतरून पुन्हा वर येते. कधी कधी यात तास जातो, लेक्चर बुडतं. गॅस बंद आहे हे मला कळतं, तरी राहवत नाही. आईला फोन करून ‘बंद असेल ना गं’ असं विचारते. अतिविचारांवरचं एखादं चांगलं पुस्तक सुचवाल?

उत्तर : बाळा, तुला मी पुस्तक सुचवणार नाही. आधी डॉक्टर.

तू लिहिलंस त्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. तोच आहे की नाही हे मनोविकारतज्ज्ञ तपासून सांगतील. तो असला तर त्यावर चांगले उपचार आहेत. औषधं आहेत, आणि एक विशेष प्रकारची थेरपी आहे, ज्यात मागे न फिरता अस्वस्थता सोसायला थोडं थोडं शिकवतात. हा हट्टाचा किंवा कमकुवतपणाचा प्रश्न नाही. विचार करण्यात तास जातो तेव्हा पुस्तकाला हात घालता येतो. कडी तपासण्यात तास जातो आणि शिक्षण अडतं, तेव्हा एकटीनं पुस्तकाशी झुंजत बसू नये. हीच गोष्ट सतत निराश वाटणाऱ्याला, आठवडेच्या आठवडे झोप नसणाऱ्याला आणि जगणं नकोसं झालेल्या प्रत्येकाला लागू आहे.

जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे जाता येईल. आजच कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

आईला हे पत्र दाखव. ‘बंद असेल ना’ या प्रश्नाला ती मायेनं ‘हो गं’ म्हणते, त्यानं तुला घटकाभर बरं वाटतं आणि शंका पुन्हा येते, म्हणून तिनंही डॉक्टरांना भेटणं गरजेचं आहे. जाताना एका कागदावर लिहून ने : हे कधीपासून आहे, दिवसातला किती वेळ जातो, काय काय तपासतेस, त्यामुळे काय काय बुडतं, घरात आणखी कुणाला असं आहे का. समोर गेल्यावर संकोचानं निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून कागद सरळ डॉक्टरांच्या हातात दे.